तांतु मेदु

युट्रेख्ट,
रविवार, १८ एप्रिल २०२१

प्रिय सुमेधा,

आईंना नमस्कार. विनयला आशीर्वाद लिहिणार होतो, पण मेहुणा असला तरी तो माझ्यापेक्षा आठच महिन्यांनी लहान आहे आणि त्याला ते आवडत नाही, तेव्हा त्यालाही नमस्कारच. इकडे मी आणि गुंजन बरे आहोत.

पत्र का लिहितोय ते आधी सांगतो. फोन रोज होतो हे खरं, पण आईंना ऐकू कमी येतं म्हणून तू तो स्पीकरवर ठेवतेस. मग मी काहीही बोललो की मागून आई विचारतात, "काय म्हणतायत जावईबापू?" आणि तू मोठ्यांदा सांगतेस, "भेंडी मिळाली म्हणतोय!" अशा परिस्थितीत माणूस भेंडीच्या पलीकडे काय बोलणार?

आई वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात हे ऐकून बरं वाटलं. वॉकरच्या चारही पायांची रबरं विनयला तपासायला सांग. एक जरी झिजलं असलं तर ऑपरेशन झालेल्या बाजूवरच भार जातो. आणि तुझा खोकला? काल म्हणालीस, फोडणीचा ठसका. परवाही फोडणीचाच होता. इतक्या फोडण्या तुमच्या माहेरी कधीपासून व्हायला लागल्या?

आता मुख्य गोष्ट. तू गेलीस तेव्हा लिओनोरला आपल्या माळ्यावरच्या खोलीत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यामुळे तुला ती म्हणजे 'जिन्यावर आवाज न करता चालणारी ती पोर्तुगीज जिमनॅस्ट' एवढीच माहीत आहे. ती सव्वीस वर्षांची आहे. या खेळात सव्वीस म्हणजे सरकारी कचेरीतलं सत्तावन्न. सेतुबल नावाच्या कोळ्यांच्या गावातली मुलगी, चौदाव्या वर्षी देशाचा पोशाख घालून पहिल्यांदा परदेशात उतरली. त्यानंतर तीन जागतिक स्पर्धा, विश्वचषक मालिकेतल्या कितीतरी, आणि तिच्या आवडत्या बारवर, म्हणजे त्या दोन कमीजास्त उंचीच्या दांड्यांवर, एकदाच अंतिम फेरी. तीत सातवी. इंटरनेटवर सापडल्या तेवढ्या सगळ्या चित्रफिती मी पाहिल्या, काही संथ करून. त्या सातव्या नंबरात अन्याय झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. हातांवर उभं राहताना शरीर दहा अंशांपर्यंत कललं तर गुण कापायचे नसतात. तिचं नऊच्या पुढे गेलं नव्हतं. मी पडद्याला कोनमापक लावून बघितलंय. तिला सांगितलं तर म्हणाली, "नीळकंठ, तुम्ही पंचांपेक्षा वाईट आहात." मी ती स्तुती समजतो.

तिची प्रशिक्षक मार्यान इथलीच. बरीच वर्षं पोर्तुगालमध्ये शिकवत होती, वडील थकले म्हणून परतली आणि लिओनोर तिच्यामागे आली. जूनमध्ये क्रोएशियात स्पर्धा आहे. बारसाठी पोर्तुगाल एकीलाच पाठवणार. त्याची चाचणी आठ मेला: हिने इथल्या हॉलमध्ये करून दाखवायचं आणि लिस्बनमधल्या समितीने पडद्यावर बघायचं. गेलं वर्ष करोनाने खाल्लं. ही संधी गेली तर पुढची नाही, हे ती स्वतःच सांगते, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

पहिल्याच दिवशी तिने बटाटा हातात धरून विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? मी म्हटलं, बटाटा. ती उडालीच! पोर्तुगीजमध्येही तो 'बताता'च. मग साबण झाला, बालदी झाली, पाव, अननस, पगार, चावी. तुला ठाऊक आहे, मी भाषाशास्त्र कुठे शिकलेलो नाही. तसा संगणकही शिकलेलो नाही, आणि बी.कॉम. तर दुसऱ्या वर्षालाच सोडलं. जे येतं ते डोळे-कान उघडे ठेवून आलं, आणि त्याच्या जोरावर इन्शुरन्स कंपनीत इंजिनियर लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका काढतो. तेव्हा माझा नियम सरळ आहे: पोर्तुगीज शब्द कानाला ओळखीचा वाटला की तो आपलाच. लिओनोर म्हणाली, "जपून हं. आमच्याकडे दारावर लिहिलेलं असतं ते 'पुश' असं वाचतात, आणि त्याचा अर्थ ओढा." पण तो इंग्रजीचा घोळ. मराठीचा त्यात काय संबंध?

बागेत मी तिला एक बुटकी दांडी करून दिली आहे, परांचीच्या पाइपाची. पाणसळ लावून बघितली, केसाइतका फरक नाही. पूर्वी ती रोज सकाळी तिच्यावर हात टेकून उलटी उभी राहायची. आता दांडीपाशी जाते, हातांना पांढरी पूड लावते, दांडी धरते आणि सोडते. पुन्हा धरते, सोडते. वर जात नाही. परवा चहात मीठ घातलंन्. गुंजनने हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळली.

गुरुवारी मी कणीक मळत होतो, खिडकी उघडी होती. ती दांडीखाली बसलेली, एक हात डोक्याला, दुसऱ्यात फोन. फोनवर तिची आई. आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य: "तेन्यु तांतु मेदु." तेन्यु म्हणजे 'माझ्याकडे आहे', हे मला येत होतं. बाकीचे दोन शब्द शिकावेच लागले नाहीत. तांतु म्हणजे तंतू. मेदु म्हणजे मेंदू.

कणकेचे हात तसेच धरून मी उभा राहिलो.

गुंजनला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जस्ट गूगल इट." मी म्हटलं, घरातलं माणूस ओळखायला आधारकार्ड मागायचं नसतं. त्यावर ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली. ते मला कळलं, पण कळलं नाही असं दाखवलं.

ती डोक्यावर पडली असणार आणि लपवते आहे. मार्यानला सांगावं तर तिची चाचणी जाते, म्हणजे सगळंच जातं. न सांगावं, आणि ती त्या दांडीवरून हवेत असताना मेंदूने दगा दिला तर? तू असतीस तर पोळी वाढता वाढता तिला सरळ विचारलं असतंस. मला विचारता येत नाही. मला शोधून काढता येतं.

एकोणतीसला विमानतळावर घ्यायला येतो. खोकल्याचं खरं काय ते लिही.

तुझा,
नीळकंठ


युट्रेख्ट,
गुरुवार, २९ एप्रिल २०२१

प्रिय सुमेधा,

आज तू उतरायचीस. भारतातून येणारी विमानं बंद झाली तेव्हा मी रजेचा अर्ज मागे घेतला नव्हता, त्यामुळे आज घरीच आहे. तिकिटाची तारीख बदलून देतो म्हणतात. कुठली, ते त्यांनाही माहीत नाही.

काल इथली हॉटेलं बाहेरच्या बाहेर बसायला उघडली. लोक थंडीत कुडकुडत बिअर पीत बसले होते. रात्रीची संचारबंदीही उठली. तू लावलेल्या ट्यूलिपपैकी पिवळे टिकलेत, लाल वाऱ्याने मोडले. गुंजन अभ्यास करते. लिओनोर सध्या विश्रांती घेते आहे. घर शांत आहे. मी ठीक आहे.

तू हल्ली नुसता अंगठा पाठवतेस. विनय फोन उचलतो तेव्हा तू झोपलेली असतेस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एवढ्या संसारात तुला दुपारी आडवी झालेली मी पाहिलेली नाही.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

नीळकंठ


युट्रेख्ट,
रविवार, ९ मे २०२१

प्रिय सुमेधा,

हे पत्र विनय छापून तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार आहे. त्याच्यावर रागावू नकोस. मी बुधवारी त्याला फारच छळलं, तेव्हा त्याने सांगितलं: खोकला फोडणीचा नव्हता, ऑक्सिजन नव्वदवर आला होता, आणि यंत्र शोधत तो सगळं पुणं पालथं घालत होता. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे, "नीळकंठला सांगू नकोस, तो तिकडे इंटरनेट वाचत बसेल." बरोबर ओळखलंस. बसलोच आहे.

आज पंच्याण्णव आहे असं विनय म्हणतो. बोललीस की धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी तुला बोलायला बंदी केली आहे. तेव्हा आता मधे न तोडता माझं ऐकावं लागेल. तू लपवलंस तसं मीही लपवलं. लिओनोर विश्रांती घेत नव्हती. तिला बारपासून लांब ठेवलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

पहिलं पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मार्यानला फोन केला. लिओनोरच्या मेंदूला काहीतरी झालंय, तंतूंना, असं इंग्रजीत सांगितलं. तिने स्वतः तिच्या आईला सांगताना मी ऐकलं, असंही. मार्यानने विचारलं, "ब्रेन? नक्की हाच शब्द म्हणाली?" मी म्हटलं, अक्षरन् अक्षर. मूळ शब्द मी उच्चारलाच नाही, भाषांतर करून दिलं. उच्चारला असता तर मार्यान तिथल्या तिथे हसली असती आणि फोन संपला असता. तिला पोर्तुगीज येतं.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बारला हात लावायचा नाही, असा नियम. दवाखाने करोनाने भरलेले. मेंदूचा फोटो काढायची तारीख मिळाली सहा मे, चाचणीच्या तोंडावर.

"मी पडलेलेच नाही," ती सांगत राहिली. पडलेलं माणूस असंच म्हणतं, असं मार्यानने धरलं. आणि मी तर धरलंच होतं. बरं, हे सांगितलं कुणी? मार्यान नाव घेईना. लिओनोरला वाटलं, अनौकने. अनौक त्याच हॉलमध्ये सराव करते, तिची इथली एकुलती एक मैत्रीण. माळ्यावरून फोनवरचं भांडण खाली ऐकू येत होतं. मी बटाट्याची भाजी करत होतो. गुंजन माझ्याकडे बघत होती. मी मोहरी तडतडली का ते बघत होतो.

त्यानंतर ती जेवायला खाली येईनाशी झाली. मी ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचो, रिकामं परत घ्यायचो. माळ्यावर पावलांचा आवाज नाही. आवाज न करणाऱ्या माणसाचा आवाज बंद झाला की घराला ते कळतं, हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी फोटो स्वच्छ निघाला. संध्याकाळी मार्यान आली, दोघी बागेत बसल्या. मी चहा घेऊन गेलो तेव्हा मार्यान म्हणत होती, "डोकं ठीक आहे. मग बिघडलंय काय? सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही." लिओनोर माझ्या दांडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेदु."

खोटं कशाला सांगू, सुमेधा, मी ट्रे टेकवला आणि मार्यानकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बघ, हाच शब्द.

मार्यान म्हणाली, "भीती? कसली भीती?"

मेदु म्हणजे भीती. तांतु म्हणजे इतकी. 'मला इतकी भीती वाटते', एवढंच ती आईला सांगत होती. तंतू नाही नि मेंदू नाही.

फेब्रुवारीपासून तिला हे होतंय. बारवरून उतरतानाच्या शेवटच्या उडीत दोन कोलांट्या आणि एक गिरकी असते. मधेच वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं होतं. जमीन येऊन आदळते तेव्हा कळतं. "आतापर्यंत पाय आधी आले," ती म्हणाली, "ते नशीब."

"आणि परवा तू ती उडी मारणार होतीस?"

"हो."

मार्यानने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे चुकलो तरी बरोबरच निघालो की! न सांगतो तर पोरगी मान मोडून बसली असती. हा विचार मला फार आवडला. चहा ओतून होईपर्यंत तो टिकला. मग अनौक आठवली.

मार्यान गेल्यावर लिओनोरला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं. अनौक नव्हे, मी. तंतू म्हणजे काय, मेंदू म्हणजे काय, डोक्यावर बोट आपटून दाखवलं. मला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही.

"मला विचारायला एक मिनिट लागलं असतं," म्हणाली.

"हो."

"मी त्या दिवशी खालीच होते, बागेत. तुमच्या खिडकीसमोर."

"हो."

तिने चावी उचलली, सायकल काढली आणि गेली. मी तसाच बसून राहिलो. गुंजन आली. तिचा तो सूड घ्यायचा क्षण होता, गूगलचा. पण ती म्हणाली, "बाबा, आपण जेवू या." मराठीत म्हणाली. एकही इंग्रजी शब्द न घालता.

लिओनोर अंधार पडता पडता परतली. अनौककडे गेली होती. माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. रागावलेली होतीच, पण बसली.

"तुमच्या भाषेत मेदुला काय म्हणतात?"

"भीती."

"तेन्यु भीती?"

"नाही. आमच्याकडे भीती जवळ नसते, वाटते. मला भीती वाटते."

"वाटते म्हणजे?"

"जाणवते. तसं चटणी वाटतात म्हणजे पाट्यावर बारीक करतात. पेढे वाटतात म्हणजे सगळ्यांना थोडे थोडे देतात. पण ती क्रियापदं वेगळी आहेत. व्याकरणात त्यांचा एकमेकांशी..."

"पण ऐकायला एकच?"

"एकच."

"मग तुमचाच नियम आहे ना? कानाला ओळखीचा वाटला की आपलाच."

माझाच नियम माझ्यावर उलटला. असं आजवर तुझ्यासमोरच झालेलं आहे.

मग तिने टेबलावरच्या माझ्या फोनकडे हनुवटी केली. तो पालथा होता. "तुमची भीती तुम्ही कुणाला वाटली?" गेले काही दिवस मी काय करतोय ते तिने माळ्यावरून उतरता-चढता पाहिलं असावं. मी म्हटलं, सुमेधाला बोलायला बंदी आहे. ती म्हणाली, "ऐकायला?"

काल चाचणी झाली. मार्यानने शेवटची उडी बदलली: साधी, एकच कोलांटी. त्याने गुण कमी होणार हे ठरलेलं. शिवाय हातांची सवय गेलेली, शुक्रवारच्या एका सरावात तळव्यांची सालं निघाली. हॉलमध्ये बाहेरच्यांना मज्जाव, म्हणून मार्यानने दुवा पाठवला. मी आणि गुंजन इथे बघत होतो. सुरू करण्याआधी हात वर करतात तेव्हा तिचे ओठ हलले. गुंजन म्हणते, ती 'भीती वाटते' म्हणाली. मी तेवढा भाग संथ करून पाहिला. खात्रीने सांगता येत नाही. हल्ली मी खात्रीने कमी सांगतो.

उतरताना तिचं एक पाऊल पुढे पडलं. त्याचा एक दशांश जातो. मी वजा केला नाही. पाय आधी आले होते.

लिस्बनचा निर्णय उद्या. जागा मिळणार नाही असं तिला वाटतं, मलाही वाटतं. त्यात माझा वाटा किती आणि त्या उडीचा किती, हे मला काढता आलेलं नाही, आणि तिने मला ते काढायला मदत केलेली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. पण काल घरी आली तेव्हा जिना धाडधाड वाजवत वर गेली, आणि आज सकाळी वरून ओरडली, "नीळकंठ, साबण!" एवढं पुरे आहे.

आता माझं.

सकाळी उठल्यावर मी फोन पालथा ठेवतो आणि आधी चहा करतो. चहा होईपर्यंत तू ठीक असतेस. मग चहा गाळतो, तोही सावकाश. मग गुंजनचा डबा. डबा भरून होईपर्यंतही तू ठीक असतेस. मग फोन उलटा करावाच लागतो. विमान नाही, येता येत नाही. आलो तरी तुझ्या दारापर्यंतच. गुंजनला मी सांगतो, आई छान आहे. ती मान हलवते, आणि ती माझीच मुलगी असल्यामुळे रात्री आपल्या खोलीत ऑक्सिजनबद्दल वाचत बसते. मला ते दाराखालच्या उजेडावरून कळतं. मी आत जाऊन विचारत नाही. आज विचारणार आहे.

लग्नाआधी मी तुला म्हटलं होतं, मला कशाची भीती वाटत नाही. तू तेव्हा हसली होतीस, का ते मी आजवर विचारलं नाही.

सुमेधा, तेन्यु तांतु मेदु. अर्थ या वेळी तपासून घेतला आहे.

उत्तर लिहू नकोस, दम लागेल. नुसता अंगठा पाठव. त्याला आता मी नावं ठेवणार नाही. आणि हे पत्र विनयला आईंसाठी मोठ्यांदा वाचायला सांग. "काय म्हणतायत जावईबापू?" असं त्या विचारतील. या वेळी भेंडी सांगू नका.

तुझा, आणि भ्यालेला,
नीळकंठ